त्यानं लावलेली तार

गिटारीच्या पोटाला जे गोल भोक असतं, त्याला मी नाक लावलं आणि लगेच मागं घेतलं. आत आमचं जुनं घर होतं. रॉकेलची चिमणी, ओलं सारवण, आबांची विडी, पावसाळ्यात न वाळलेली गोधडी. आणि माझ्या भावाच्या डोक्याचं खोबरेल, ज्यात तो कापूर टाकायचा. घराला आता फरशी आहे, वर नवा पत्रा आहे, चुलीच्या जागी गॅस आहे. आमचे वडील, आबा गेले, आई गेली. भाऊ कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. पण वास त्या लाकडी पोटात जसाच्या तसा होता. सगळी माणसं आत बसलीत आणि बाहेरून कुणी कडी लावलीय, असं वाटलं.

मी काही घाबरणारी बाई नाही. पण पुन्हा नाक लावलं नाही.

मी राहते काटेवाडीला. माहेर निमगाव केतकीचं. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेला, मुलगा ऊस आणि गाई बघतो, मी अजून वाफ्यात बसून गवार तोडते. गेल्या उन्हाळ्यात भाचीचा, सुजाताचा फोन आला. ती बारामतीला नोकरी करते.

"आत्या, गिटारीची घोडी उचकटली. आई जेवत नाही."

घोडी म्हणजे पोटावरची लाकडी पट्टी, जिच्यात तारा अडकवतात. मी म्हटलं, "घोडी उचकटली म्हनून कुणी जेवान सोडतंय का? पोट बिघडलं आसंल तिचं. डॉक्टरला दाखव."

"आत्या, तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "एकच तार राहिलीय."

मला ठाऊक होतं. मी इंदापूरची एसटी धरली आणि निमगावला उतरले.

सुजाताची आई कमल, म्हणजे माझी भावजय, भिंतीखालच्या पलंगावर बसली होती. ती भिंत आमच्या घरातली जुनी एवढी एकच. बाकी सगळं बदललं, तिला कमलनं हात लावू दिला नाही. भिंतीत एक देवळी आहे. आबांनी धम्म घेतला तेव्हा देवळीतले देवांचे टाक फडक्यात बांधून नीरेत सोडले. मी तेव्हा लहान होते. आजी म्हणाली होती, देवळी रिकामी बरी दिसत नाही, चिमणी तरी ठेवा. आबा म्हणाले, "राहू दे रिकामी. रिकामी जागा कुणाला चावत न्हाय." पुढं त्याच देवळीच्या वरच्या खुंटीला माझ्या भावानं गिटार टांगली. तिथून ती कधी उतरली नाही. देव नदीत सोडणारं आमचं घर, आणि त्याच घरानं सहा तारांचा देव केला. हे मी कमलच्या तोंडावर कैकदा बोलले आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

"वन्सं, आलात व्हय," कमल म्हणाली. गळा बसला होता. "तुमच्या हातानं हुईल. पण तार सैल करायची न्हाय."

"तार सैल केल्याबिगर घोडी बसंल कशी? दावं ताणलेलं असताना खुटा कुणी ठोकलाय का?"

"त्ये मला ठावं न्हाय."

"मग मला कशाला बोलावलं? भिताड बघाय?"

मी वर बघितलं. गिटारीचं पोट गाभण शेळीसारखं फुगलं होतं. घोडी मागच्या बाजूनं उचलली होती, तिच्याखाली बोट जाईल एवढी फट. एका बाजूला लाकूड चिरलं होतं. आणि त्या सगळ्यावरून एक जाडी तार, काळी पडलेली, अजून ताठ.

आता मिलिंदचं सांगते. मिलिंद माझा धाकटा भाऊ. मी सासरी गेले तेव्हा तो हाफचड्डीत होता. दिवाळीला माहेरी आले की माझ्या पिशवीत तोंड घालून आधी वास घ्यायचा, मग हात घालायचा. तसाच होता तो, आधी नाकानं नाहीतर कानानं काम करायचा. हातानं काम कमी. आबा पानमळ्यात रोजानं जायचे, त्यांच्यामागं हाही जायचा. वेलीच्या सावलीत आत ओलं, गार, हिरवं अंधारल्यासारखं असायचं. आबा पानं खुडायचे आणि हा बसून कान देऊन ऐकायचा. काय ऐकतोस विचारलं तर म्हणायचा, "पाणी मुरतंय त्ये."

आमच्या वस्तीत गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग. जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सतरंजी टाकून गात. पेट्रोमॅक्सच्या बत्तीचा सूंऽ असा आवाज असायचा, त्याभोवती पाखरं, आणि निळ्या पताकांना लावलेल्या खळीचा आंबूस वास. मिलिंद त्या पार्टीत आधी टाळ्या वाजवायला होता. मग एकदा पुण्याला गेला आणि ही गिटार घेऊन आला. जुनीच होती. एसटीत मांडीवर घेऊन बसला होता, बायचं लुगडं गुंडाळून. आम्ही आईला बाय म्हणायचो. बाय लुगड्यासाठी ओरडली. आबांनी गिटार उभी धरली, खालून वर बघितली.

"हिला मान हाय, कंबर हाय, पोट हाय," आबा म्हणाले. "पोटात घातलं काय तर न्हायच, आन आवाज केवढा! हिच्याशीच लगीन लावा त्याचं."

लग्न कमलशी झालं. कमल कळसची. पहिल्या दिवशी तिनं गिटारीकडं बोट करून विचारलं, ही मोठी कोण? घरात सगळे हसले. मिलिंदही हसला.

तो तार लावायचा तेव्हा मी बघितलं आहे. बाकीचे पेटीवरून सूर घेत, हा घेत नसे. घरात काशाची एक वाटी होती. उन्हाळ्यात बाय तिनं आमचे तळपाय घासायची, तेल काळं होईपर्यंत. मिलिंद ती वाटी बोटांच्या टोकावर धरायचा आणि नखानं मारायचा. ठण्ण. मग जाडी तार पिळत जायचा. पिळता पिळता एकदा काहीतरी व्हायचं आणि त्याचा चेहरा निवळायचा. मग तो तारेला हात न लावता नुसती वाटी वाजवायचा, आणि गिटार आपली आपण गुणगुणायची. बाय पदर डोक्यावर ओढून घ्यायची. "कुणीतरी हाय बाबा त्यात." तो म्हणायचा, "बाय, वळख लागली म्हनून बोलतीय ती. वळखीच्या मानसाला वाटंत कुणी हाक मारली तर वळून बगंलच की."

जाड तार त्या वाटीवर, बाकीच्या जाड तारेवर. असं त्याचं शास्त्र.

एक दिवस सकाळी त्यानं तारा लावल्या, गिटार खुंटीला टांगली आणि कार्यक्रमाला जातो म्हणून गेला. गिटार न घेता. तो परत आला नाही. का गेला ते मला विचारू नका. विचारून विचारून माझ्या जिभेची चव गेली होती, आता तो प्रश्नही मला आठवत नाही नीट. आठवतं ते एवढंच, की त्या महिन्यात कालव्याला पाणी सुटलं होतं आणि रांगती सुजाता उंबऱ्यात बसून त्या भिंतीकडं बघून रडायची, आणि ती रडली की गिटार गुणगुणायची.

तेव्हाच कमलनं सांगितलं होतं, "त्येनं लावलंय, त्योच उतरवंल." सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मलाही. माणूस गेला की त्याचं अंथरूण लगेच उचलत नाहीत, तसं काहीतरी. पुढं तो घरचा नेमच झाला. धूळ पुसायची ती पिसानं, तारांना न लागता. पाहुण्यांच्या पोरांना पहिली ताकीद तीच. नवीन कॅलेंडर लावायचं तर दुसऱ्या भिंतीला, खिळा ठोकताना हादरा नको.

आणि गिटार उत्तर द्यायची. कमलनं "सुजाऽ" अशी हाक मारली की पाठीमागून भुंग्यासारखा आवाज यायचा, हाक संपल्यावरही क्षणभर राहायचा. वस्तीतल्या बाया त्या भिंतीला पाठ करून बसत नसत. दूधवाला उंबऱ्याबाहेरूनच माप ओतायचा. सुजाता मोठी झाली, शिकली, तेव्हा तिनं आम्हाला समजावलं, की आवाजाला आवाज जुळला की तार आपोआप हलते, यात काही नाही. समजलं. मिलिंदनंही तेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत. समजलं तरी मी त्या घरात दुपारची एकटी कधी झोपले नाही.

कमल मात्र तिच्याशी बोलायची. भाजी काय केली, कुणाचं लग्न ठरलं, बाजारात काय मिळालं. बोलताना मधे थांबायची, आणि मग "व्हय व्हय" म्हणून पुढं बोलायची. मी एकदा म्हटलं, "काय म्हनतीय?" ती म्हणाली, "तुमाला न्हाय सांगायचं म्हनतीय."

पहिली तार तुटली ती आबा गेले त्या आठवड्यात. टण्ण करून आवाज झाला, भरदुपारी, सगळे जेवायला बसले होते. आबांना खोकला होता, वय होतं, तार न तुटती तरी गेले असते. पण दुसरी तुटली आणि बाय गेली. तेव्हापासून घरानं हिशेब मांडला. तिसरी तुटली तेव्हा कुणीच मेलं नाही. आठवडाभर सगळे एकमेकांकडं बघत होते, कुणी शिंकलं तरी दचकत होते. शेवटी कुठली तरी लांबची आत्या गेल्याचा निरोप आला, आणि खोटं कशाला सांगू, घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. चौथीला शेजाऱ्याची म्हैस मेली, तीच धरली. पाचवी साथीच्या वर्षी तुटली. तेव्हा कुणाची म्हणायची तेच कळेना, रोज एक जण जात होता.

उरली ती जाडी तार. ती कुणाची हे कमलनं तोंडानं कधी सांगितलं नाही. पण सुजातानं दोनदा विषय काढला होता, की बाबांचं पुण्यानुमोदन करू, इतकी वर्षं झाली, माणसं बोलावू, वंदना घेऊ, त्यांच्या नावानं दान देऊ. कमल दोन्ही वेळा भिंतीकडं बोट करून एवढंच म्हणाली, "ती बग. अजून ताठ हाय." म्हणजे तो आहे. तार आहे तोवर तो आहे. आणि आता घोडी उचकटली होती.

तर मी त्या दिवशी पदर खोचला आणि पलंगावर चढून गिटार खुंटीवरून उतरवली. कमलनं डोळे मिटून घेतले. जड लागली. मांडीवर घेतली तर तिरकी होऊन आत काहीतरी घरंगळलं. सुजातानं मोबाईलची बत्ती भोकातून आत टाकली. कुंभारीण माशीनं मातीची घरं बांधली होती, एकाला एक लागून, सगळी रिकामी. सुजाता हळूच म्हणाली, "आई, हीच गुणगुणत असेल कधी कधी."

"थंडीत बी?" कमल डोळे मिटूनच म्हणाली. "थंडीत कुठली माशी?"

सुजातानं बत्ती बंद केली. तेव्हाच मी भोकाला नाक लावलं होतं.

मी कमलला नीट समजावलं. म्हटलं, बघ, ही घोडी तारेनंच ओढून काढलीय. एवढी वर्षं सहा तारा ताणून ठेवल्या, एक दिवस सैल केल्या नाहीत. वाजवणारी माणसं टांगून ठेवायची तर तारा उतरवून ठेवतात, असं सुजाता सांगते. बैलसुद्धा रात्री जुवाखालून सोडतात. आपण सोडला नाही. आता ही तार ढिली करून घोडी चिकटवली तर गिटार राहील. नाही केली तर चार दिवसांत घोडी उडेल आणि तार जाईलच, वर पोटही फाटेल.

"जाऊ दे मग," कमल म्हणाली. "आपनहून जाईल ती जाईल. मानसाच्या हातानं नगं."

"आन तू? जेवनार कवा?"

"बगू."

तिचे हात बघितले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला राग आला. मला कळवळा येत नाही लवकर, रागच येतो. मी गिटार पलंगावर ठेवून उठले, मांडणीवरची भांडी खडाखड खाली काढली. मागच्या रांगेत ती काशाची वाटी सापडली. बाय गेल्यापासून कुणाचे तळपाय तिनं घासलेले नव्हते, बुडाला जुनं तेल वाळून काळं झालं होतं. पदरानं पुसली.

"ह्ये वळखतीस?"

कमलनं डोळे उघडले. "त्येची वाटी."

"त्येनं तार ह्या वाटीवर लावली हुती. तूच बगितलंयस. वाटी वाजली की तार बोलायची का न्हाय?"

"बोलायची."

"मग आता बगू. तार त्येची आसंल तर बोलंल. बोलली तर मी हात लावनार न्हाय. गप काटेवाडीला जाते."

सुजातानं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं मी जुगार खेळतेय. खरं म्हणजे मलाही काय होईल ते ठाऊक नव्हतं. बोटांच्या टोकांवर वाटी धरली आणि नखानं मारली.

ठण्ण.

तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन तो परत आला. फळीवरचा एक स्टीलचा डबा किंचित झिणझिणला. तार गप्प होती. मी परत मारली, जोरात. आवाज वर गेला, पातळ झाला, विरला. तार हलली नाही. मेलेल्या माणसासारखी गप्प होती.

"वाटी धड धरली न्हाय तुमी," कमल म्हणाली. ती पलंगावरून उतरली. माझ्या हातातून वाटी घेतली, गिटारीच्या पोटाजवळ नेली, अगदी भोकाजवळ, आणि मारली. कान लावला. परत मारली. मग तिनं असं केलं, जे त्या घरात इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं. अंगठ्यानं तार छेडली.

घोगरा, खालचा, ढिला आवाज निघाला. वाटीच्या सुराशी त्याचं काहीच नातं नव्हतं. लहान मुलालासुद्धा कळलं असतं.

"ह्यो सूर त्येचा न्हाय," कमल म्हणाली.

"न्हाय."

"घोडी उचकाटल्यामुळं झालं आसंल."

"थोडं त्येनं. बाकी कवाच उतरलाय. रोज केसाएवढा. हात लावायचा न्हाय म्हनल्यावर कळनार कुणाला?"

मग मला एक गोष्ट उमगली. आधी गिटार सुजाताच्या रडण्याला बोलायची. मग पोरीच्या आवाजाला बोलेनाशी झाली, कमलच्या हाकेला बोलायला लागली. पुढं पुढं कमलच्या हाकेलाही नाही. अलीकडं बोलायची ती रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की. आम्ही म्हणायचो, मिलिंदचं मन आता कुणाकुणात आहे ते कळतंय. तसं काही नव्हतं. तार वर्षावर्षानं खाली उतरत होती आणि ज्याचा आवाज वाटेत लागेल त्याला उत्तर देत होती. कमल "व्हय व्हय" म्हणून ज्याच्याशी बोलत होती तो कोण होता? मिलिंद तर नव्हताच. ते काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. कमलच्या तोंडाकडं बघून कळत होतं की तिचं तिला पोचलं होतं.

तिनं वाटी खाली ठेवली. बाहेर कुणी तरी कोंबड्या हाकलत होतं. मग म्हणाली, "कदीपास्नं म्हनायचं ह्ये?"

"कुणाला ठावं."

"मी रोज बगत हुते की वो. रोज."

"बगून सूर कळत न्हाय, कमल."

तिनं गिटार ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. तार पिळायची खुंटी गंजून बसली होती, फिरेना. सुजातानं करडईच्या तेलाचे दोन थेंब सोडले. आम्ही थांबलो. तेल आत जायला वेळ लागतो. सुजातानं चहा ठेवला, कमलनं अर्धा कप घेतला. मग तिनं परत खुंटी धरली, दात आवळले आणि फिरवली. कर्रर झालं.

तार उतरताना तिनं ती अंगठ्यानं छेडत ठेवली. का ते मला माहीत नाही. आवाज खाली खाली जात राहिला. मधेच कुठं तरी खाली काढलेली परात हलली, मग घागरीचं झाकण, मग खिडकीचं तावदान. एकेक वस्तू आपापल्या जागी थरथरत होती आणि तार पुढं गेली की शांत होत होती. एखादं माणूस घरातून सगळ्यांचा निरोप घेत दाराकडं चाललंय, असं. सुजातानं माझा दंड धरला. शेवटी तार फटफट करायला लागली आणि मग नुसती लोंबली. ओली सुतळी लोंबते तशी.

सगळे ऐकत राहिलो. काही झालं नाही. फोन वाजला नाही, कुणी हाक मारली नाही. कोंबड्या परत आल्या होत्या.

"भात हाय का गं?" कमलनं सुजाताला विचारलं.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. कुदळीचा फाटलेला दांडा, खाटेचा मोडका पाय, चाळणीची कड, जन्मभर हेच जोडत आले. घोडी हळूच सोडवली. खालचा वाळलेला डिंक काचेच्या तुकड्यानं खरवडला. भुकटी नाकात गेली, कडू होती. माशीची घरं काडीनं फोडून भोकातून बाहेर झटकली, पाटीभर माती निघाल्यासारखी वाटली, होती मूठभर. फुगलेल्या पोटावर ओलं गरम फडकं ठेवलं, वर पाट, पाटावर वरवंटा. लाकूड रात्रभर दबू दिलं. दुसऱ्या दिवशी चिरेत पांढरा डिंक भरला, वर बारीक भुसा चोळला, घोडी बसवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळं पोट आवळून टाकलं. सुजाता मोबाईलवर बघून सांगत होती, इथं घट्ट, तिथं नको. मी ऐकत होते. बाळंतिणीचं पोट बांधतात तसं दिसत होतं ते. कमल बाजूला बसून पट्ट्यांची टोकं धरत होती. ती जेवली होती, दोनदा.

पट्ट्या सोडल्या तेव्हा पोट बऱ्यापैकी सपाट झालं होतं. मी भोकाला नाक लावायचं नाही म्हटलं होतं, तरी लावलं. डिंकाचा वास येत होता. बाकी काही नाही.

कमलनं विचारलं, "येतोय का?"

मी म्हटलं, "न्हाय."

त्यावर तिनं भांडी घासायला घेतली. घासता घासता पाठमोरीच सुजाताला म्हणाली, "तू म्हनत हुतीस त्ये घाल. तुज्या बाबाचं पुण्यानुमोदन."

सुजाता परसात जाऊन रडून आली. मी गेले नाही तिच्यामागं. ज्याचं त्याला रडू द्यावं.

कार्यक्रम निमगावलाच झाला. अंगणात मांडव घातला. भंतेजी आले, वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून आली, कळसवरून कमलचे भाऊ आले. गायन पार्टीतला एक म्हातारा ढोलकीवाला आला, त्याला आता ऐकू येत नाही. गिटार आत देवळीखाली उभी केली होती, नव्या तारा घालून, ढिल्या सोडून. सुजाताला वाजवता येत नाही, पण शिकेन म्हणते. मांडवात टेबलावर पांढरं कापड, फुलं, मेणबत्त्या.

फोटोची अडचण होती. मिलिंदचा एकटा फोटो घरात नव्हता. लग्नाच्या फोटोतून त्याला कापून सुजातानं बारामतीच्या स्टुडिओत मोठा करून आणला. स्टुडिओवाल्यानं मागं निळा रंग भरला, डाग काढले, केस विंचरल्यासारखे केले. सुजातानं फोटोवरचं कापड काढलं तेव्हा कमल पांढऱ्या लुगड्यात पाटावर बसली होती. तिनं आधी लांबून बघितलं, मग जवळ सरकली, मग चष्मा लावला.

फोटोतला पोरगा हसत होता. मिसरूड नीट फुटलेली नव्हती. गळ्याचा कंठ वर आलेला, सदऱ्याची कॉलर मोठी, दुसऱ्या कुणाची तरी असावी. त्याच्या बाजूला सुजाता उभी होती, तिच्या कानामागचे केस पांढरे झालेले. ती त्याची आत्या शोभली असती. मी त्याची आजी. कमलकडं बघायला मला धीर झाला नाही.

भंतेजींनी खुणेनं विचारलं, सुरू करायचं का? कमलनं हात वर करून थांबवलं. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि फोटोच्या काचेवर त्याच्या तोंडाजवळ पुसलं, पोराच्या ओठाला लागलेलं दूध पुसावं तसं. मग ती माझ्याकडं वळली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"वन्सं, एवढ्याशा लेकराला तुमी एकट्याला कसं जाऊ दिलं वो?"